अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर पोलीस भरतीची रनिंग पुन्हा कशी सुरू करू?

प्रश्न: आर्णीची पोरगी
पोळा झाला आणि माझं अपेंडिक्स फुटलं. पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं, बेंबीखाली उभा चिरा आहे. आता दिवाळीही होऊन गेली. जखम कोरडी आहे, हळूहळू धावायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले. पण मन तयार होत नाही. आधी 800 मीटर तीन मिनिटांच्या आत काढत होते. परवा पांदणीवर अर्ध्यातच दम भरला, चिऱ्यापाशी ओढ बसली, रडतच घरी आले. पहाटे बॅचच्या मुली घरावरून धावत जातात तेव्हा मी गोधडी डोक्यावर घेते. आई म्हणते, यंदा राहू दे, कापूस वेचायला चल. मैदानीच्या 50 गुणांपैकी 20 एकट्या 800 मीटरचे आहेत, ते मला सोडायचे नाहीत. पोटाच्या ऑपरेशननंतर कोणी परत धावलंय का? मन कसं लावलं?

सिस्टरताई, उपकेंद्र
बाई, आधी हिमोग्लोबिन तपासून घे. बायकांमध्ये 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि रक्त कमी असलं की दम लागणारच. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही पुष्कळ आहे. त्याची टेस्ट कधी झाली नसेल तर तीही कर. सिकलसेल असताना पाणी न पिता अंगावर जोर काढला तर त्रास उद्भवू शकतो.
दुसरं, उताणी झोपून मान उचल, चिऱ्यावर हात ठेव आणि खोक. फुगवटा लागला तर धावणं बंद आणि सर्जनला दाखव, हर्निया असू शकतो. वेचणीला गेलीस तर कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरू देऊ नको, थोडा कापूस जमला की रिकामी कर. गाठोडं दुसऱ्या कोणाला उचलू दे.

दारव्ह्याचा भरतीवाला
पोरी, मले हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी टाकली आहे. आज पोरांसंग मीही पळतो. इतके दिवस पडून रायलं की दम कोणाचाही जाते, अन तो परतही येते. तू एकदम जुनं टायमिंग काढाले गेली, तिथंच मन मोडलं. सध्या घड्याळ घरी ठेव. पांदणीवर जाऊ नको, बंडीच्या चाकोरीत पाय मुरगळला तं पोटाले झटका बसते. शाळेच्या मैदानात एक चक्कर चालाचं, अर्धं चक्कर हळू पळाचं, बोलता येईल एवढ्याच गतीनं. ओढ बसली की चालाचं. दुखणं वाढलं तं त्या दिवशी बंद.
सिट-अप्स आताच नको. उताणं पडून गुडघे वाकवाचे, श्वास सोडत पोट आत घ्याचं, एकेक टाच पुढं सरकवाची. 100 मीटरची स्पीड मंग. गोळा सगळ्यात शेवटी, 4 किलो फेकताना सारा जोर पोटावर येते.
मनाचं म्हणशील तं बॅचच्या ग्रुपवरचं टायमिंग पाहणं बंद कर. पण उठाचं पोरींसंगच. त्या पळतील, तू चाल. घरी पडून त्यांचे पाय ऐकण्यापेक्षा ते लय बरं. मी तसंच केलं होतं.

आर्णीची पोरगी
हिमोग्लोबिन 9.4 आलं. सिकलसेल निघालं नाही, फुगवटाही नाही. लोहाच्या गोळ्या दिल्यात. खरं सांगते, आकडा पाहून बरंच वाटलं. मला वाटत होतं माझ्यातलीच जिद्द गेली. आईलाही सारं वाचून दाखवलं, ओटीचं तिला लगेच पटलं. दादा, मग पळू की नको?

दारव्ह्याचा भरतीवाला
आता फक्त चाल. रक्त वाढलं की मी सांगतलं ते सुरू कर.

सिस्टरताई, उपकेंद्र
बरोबर. गोळीच्या आगेमागे तासभर चहा-दूध नको, वरणात लिंबू पिळ. संडास काळी होईल, घाबरू नको. गोळ्यांनी घट्ट झाली तर पाणी आणि भाजी वाढव, कुंथण्याचा ताण चिऱ्यावर येतो. महिन्याने परत रक्त तपासायला ये.