मदत हवी आहे: सुरक्षा परिषद अडली की पुढे काय?

पुढच्या आठवड्यात चर्चासत्रात बोलायचं आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(७) म्हणतं, देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नको. पण त्याच कलमाच्या शेवटी सनदेच्या सातव्या प्रकरणाखालच्या (शांततेला धोका असताना करायच्या) सक्तीच्या कारवाईला सूट आहे, म्हणजे सुरक्षा परिषदेला दार उघडंच! २०११ मध्ये लिबियासाठी परिषदेचा ठराव क्र. १९७३ झाला, म्हणजे नागरिकांच्या रक्षणासाठी लष्करी कारवाईला परवानगी. रशिया, चीन तटस्थ राहिले (भारतही). सीरियाच्या वेळी मात्र रशिया, चीनचा नकाराधिकार (व्हेटो). मला तरी यात तत्त्वापेक्षा राजकारणच जास्त दिसतं. मग नकाराधिकाराने वाट अडवली, तर आपल्याच देशात अत्याचार सोसणाऱ्या पीडितांसाठी कायदेशीर मार्ग कोणता उरतो? आमसभा? आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय? आणि १९९९ च्या कोसोवोचं उदाहरण द्यावं का? तिथे नाटोने हवाई हल्ल्यांसाठी परिषदेची परवानगीच घेतली नव्हती, त्यामुळे ते माझ्यावरच उलटेल असं वाटतंय. जाणकारांनी कृपया सांगावं.