पासिता आबादची चित्रं आणि आमच्या आयांच्या वाकळा: फिलिपिन्सची आजची कला गावात कशी दाखवू?

रंगपेटी (औंध, जि. सातारा)

नमस्कार. मी औंधजवळच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी हे माझं वर्षभराचं काम. प्रश्न जरा लांबतोय, पण नीट सांगितल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर असतो. जहाजावरचे बरेच खलाशी फिलिपिन्सचे. मागं सिंगापूरला उतरले तेव्हा त्यातल्या एकानं त्याला मुद्दाम एक पूल दाखवायला नेलं. नदीवरचा चालत जायचा पूल, पण अख्खा रंगीत गोलांनी भरलेला. भावानं फोटो पाठवला, खाली लिहिलं, "ताई, हे ह्यांच्या देशातल्या एका बाईनं केलंय. तुला आवडंल."

बाईचं नाव पासिता आबाद. पुलाचं नाव अल्काफ. ५५ रंग आणि दोन हजारांवर गोल. २००४ साली आजारपणातच तिनं हे काम पुरं केलं आणि त्याच वर्षाअखेर ती गेली.

मग मी रात्र-रात्र तिचं काम शोधत बसले. जन्म १९४६ चा, फिलिपिन्सच्या अगदी उत्तर टोकाला बातानेस बेटांवर. मार्कोसच्या राजवटीविरुद्ध विद्यार्थी चळवळीत होती, १९७० मध्ये देश सोडला, पुढं जगभर फिरली. पण मला धरून ठेवलं ते तिच्या पद्धतीनं. कॅनव्हास रंगवायचा, मागं अस्तर लावायचं, मधे भराव घालायचा आणि हातानं टाके घालत जायचं. चित्र उशीसारखं फुगून वर येतं. त्यावर आरसे, कवड्या, बटणं. ह्याला ट्रापुंतो म्हणतात. मी फोटो बोटांनी मोठा करून टाका बघितला आणि उठून आईकडं गेले, कारण आईच्या वाकळेवर तेच आहे. जुनी लुगडी, आत धडुती, वरून धावदोरा.

आईनं फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "मागची बाजू दाखव की. टाका मागनंच कळतो."

इतकी वर्षं मी मुलांना चित्र दाखवते, पण असा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. तेव्हापासून डोक्यात आहे की ही चित्रं गावातल्या बायकांना आणि मुलांना दाखवायची. शहरातल्या एका कलादालनात मी एकदा पंधरा मुलं घेऊन गेले होते. दारावरच्या माणसानं आधी मुलांच्या पायांकडं बघितलं, मग विचारलं, कुणाची परवानगी आहे? मुलं आत गेली, पण भिंतीला चिकटून चालली. तसं पुन्हा व्हायला नको, म्हणून चित्रंच इकडं आणायची आहेत.

अडचणी अशा. शाळेत प्रोजेक्टर नाही. पैसे थोडे आहेत. बायका म्हणतात, आम्हाला काय कळतंय चित्रातलं. आणि एकट्या पासिताबाईंवर थांबायचं नाही, आज काम करणारे आणखी कोण आहेत? जाणकारांनी सांगा.

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, माझा छपाईचा धंदा आहे, म्हणून तेवढंच बोलतो. फ्लेक्स अजिबात करू नका. फ्लेक्स चकाकतो, बल्ब लागला की चित्राच्या मधोमध पांढरा पट्टा दिसतो, आणि लाल रंग भडक येतो. कापडावर छापा. कापड हलतं, सावली पडते, तुमच्या वाकळेच्या जवळ जाईल.

दुसरं, मोबाइलवर आलेला फोटो पाच फुटांवर नेला की फुटतो. आणि छापायच्या आधी परवानगी मागा. आपल्याकडं कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. तिच्या कामाची देखभाल करणारे लोक आहेत, त्यांना शाळेच्या नावानं सरळ पत्र लिहा. छपाई मी कापडाच्या खर्चात करून देतो.

जुना वाचक (कराड)

सूचना चांगली आहे, पण औंधातच राहता तर आधी भवानी संग्रहालय दाखवा. रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. घरचं सोडून फिलिपिन्स कशाला?

रंगपेटी

दादा, दरवर्षी नेते. यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत आहे, मुलं पळत चढतात. औंधचे राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३८ साली ते संग्रहालय मुंबई-पुण्यात न बांधता इथं बांधलं, म्हणून तर खटाव तालुक्यातलं पोर हेन्री मूरसमोर उभं राहू शकतं. त्यांनी लांबलांबचं काम गावात आणलं. मी तेच करू बघतेय.

पाणलोट (पाटण)

तुम्ही सियान दायरीटचं काम बघाच. १९८९ चा जन्म, मनिलाचा. तो नकाशे करतो, कापडावर, भरतकाम करून. सरकारी नकाशात जे नसतं ते त्यात असतं: कुणाची जमीन गेली, खाण कुठं आली, लोक कुठून उठवले. शेतकरी आणि आदिवासी लोकांबरोबर बसून तो त्यांच्याकडूनच नकाशे काढून घेतो.

माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. आजी शेवटपर्यंत बोटानं जमिनीवर रेघा ओढून सांगायची, इथं ओढा, इथं आपला आंबा, इथं जोतिबाचं देऊळ. ते कागदावर कुणीच उतरवलं नाही, मीही नाही. तुमच्या शाळेत धरणग्रस्तांची मुलं असतील तर त्यांना घरच्या म्हाताऱ्या माणसांसमोर बसवा, विचारून नकाशा काढू द्या. आणि लवकर करा.

मनिलाहून परत (मिरज)

कामानिमित्त मी काही वर्षं मनिलात होते. तिथलं राष्ट्रीय संग्रहालय २०१६ पासून सगळ्यांना मोफत आहे. हुआन लुना ह्या चित्रकाराचं १८८४ चं 'स्पोलियारियम' हे चित्र तिथंच आहे, भलंमोठं, अख्खी भिंत व्यापणारं. त्याच्यासमोर शाळकरी मुलं नुसती फरशीवर बसलेली असायची. मोठा कला मेळा तर मनिलाला लागूनच असलेल्या मकाती शहरात, गाड्या लावायच्या इमारतीत सुरू झाला, २०१३ मध्ये. आणि अंगोनो नावाच्या गावात एका गल्लीच्या भिंतींवर तिथल्याच बोतोंग फ्रान्सिस्को ह्या चित्रकाराची चित्रं उठावात कोरलीत. बाजाराला निघालेला माणूस ती बघतच जातो.

मुलांसाठी आल्फ्रेदो आणि इसाबेल आकिलिझान सुचवते. नवरा-बायको, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले. परदेशातले फिलिपिनो खोक्यांत भरून घरी सामान पाठवतात, ती खोकी त्यांच्या कामात येतात. पुठ्ठ्याची लहान लहान घरं करतात, बघायला आलेल्यांनाही करायला लावतात, आणि सगळी एकावर एक रचून शहर उभं राहतं.

रंगपेटी

झालं ते सांगते. परवानगीचं पत्र पाठवलंय, उत्तर यायचंय, म्हणून कापडावरची छपाई थांबवली. पण थांबून बसवेना. शाळेच्या पटांगणात दोरी बांधली आणि निरोप धाडला, आपापली वाकळ घेऊन या. अकरा जणी आल्या. वाकळा दोरीवर टाकल्या, आणि वर्गात दाखवतो तशी पासिताबाईंची चित्रं एका टॅबवर लावून एकेकीच्या हातात दिली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो १९९२ च्या 'एल. ए. लिबर्टी'वर. न्यूयॉर्कची ती स्वातंत्र्यदेवी, पण तिनं सावळी केलीय आणि रंगीबेरंगी कापडात उभी केलीय. एक मावशी म्हणाल्या, ही तर कामावर निघालेली दिसतीया. मग त्यांनी स्वतःची वाकळ उलटी केली आणि मुलींना दाखवलं, लेकीच्या लग्नाआधी घाईत घातलेले टाके कुठं लांब पडलेत आणि नंतर निवांत बसून घातलेले कुठं बारीक आहेत. आठवीच्या दोन मुलींनी ते टाके वहीत काढून घेतले, लांबी मोजून. माझी आई बाजूला बसून एकेक वाकळ मागून तपासत होती.

पाणलोट, दोन मुलं तुमच्यासारख्याच घरची निघाली. त्यांची आजी सुट्टीत गावी येणार आहे, तेव्हा नकाशाला बसवते. मिरजेच्या ताई, पुठ्ठ्याच्या घरांचं दिवाळीनंतर ठरवलंय. सांगली-साताऱ्याकडं कुणाचं दुकान असेल तर फ्रिज, वॉशिंग मशिनची जाड खोकी ठेवून द्याल का? एसटीनं आणायची सोय मी करते.