परड्यात कर्दळ लावली तर सांडपाणी खरंच निवळतं काय?

कडोलीची सून:
घरात माणसं 6. न्हाणीचं, मोरीचं, कपड्यांचं पाणी परड्यातनं जाऊन मळ्याच्या बांधाला साठतंय. वर पांढरट साय, पाऊस सरला की वास आणि डास. विहीर जवळच आहे म्हणून घोर लागलाय. भाऊजी म्हणतात कर्दळ आणि अळू लावा, झाडं सगळं पिऊन टाकतात. संडासाची टाकी वेगळी आहे. झाडं लावून भागतंय काय?

खडीवाला, खानापूर:
अक्का, खड्ड्यात खडी भरून त्यात झाडं लावायची असतात. नाव झाडांचं होतं, राबते खडी. खडीवर बुळबुळीत थर धरतो, त्यातले जिवाणू साबण-तेलाची घाण खातात. मुळं त्यांना थोडी हवा देतात, थोडं नत्र-स्फुरद उचलतात. बास.

आधी गाळाची टाकी. 3 फूट व्यासाच्या, फूटभर उंचीच्या सिमेंटच्या 3 रिंगा रचल्या की 600 लिटर बसतं, म्हणजे तुमचं एक दिवसाचं पाणी. तेल आणि भाताची शितं इथंच थांबली पाहिजेत. ही टाकी टाळली की वर्षा-दोन वर्षांत खडी तुंबलीच म्हणून समजा.

मग 13 बाय 8 फुटांचा खड्डा, 2 फूट खोल, तळाला आणि कडांना शेततळ्याचा जाड प्लॅस्टिक कागद. विहीर जवळ असताना कागदाला कंजुषी नको. 20 एमएमची खडी 2 ब्रासच्या (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) वर लागेल. धुवून घाला, क्रशरची भुकटी तशीच गेली तर ती तळाला बसून वाट अडवते. पाणी यायच्या आणि जायच्या तोंडाला मोठे दगड. बाहेर पडायच्या पाइपला फिरता एल्बो (काटकोनी जोड) लावा. तो आडवा-उभा करून पाणी खडीच्या 4-5 इंच खाली ठेवता येतं. वर पाणी दिसलंच नाही तर डास अंडी कुठं घालणार? इतक्या खडीत पाणी साडेतीन दिवस रेंगाळतं. सभोवती वीतभर बांध घाला, नाहीतर आपल्याकडचा पाऊस सगळं धुऊन नेईल.

कर्दळ, पाणकणीस, वाळा फुटाफुटावर लावा. अळू लावा, पण त्याची पातळभाजी नको!

येळ्ळूर शिवार:
मग बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला हेच का करत नाहीत? शहराची घाण आमच्या भातातनं वाहते. जलपर्णी सोडली तर?

खडीवाला, खानापूर:
दादा, हिशेब करा. माणशी 2 चौरस मीटर धरलं तर 5 लाखांच्या शहराला 250 एकर लागतात. कुठल्या भाताच्या शिवारातनं काढणार? आणि कारखान्याचं जड धातूचं पाणी आलं तर झाड ते नष्ट करत नाही, मुळांमध्ये साठवतं. जलपर्णी तर अजिबात नको. काढली नाही तर कुजते, शोषलेलं सगळं परत पाण्यात.

कडोलीची सून:
हे पाणी कोथिंबिरीला चालेल? गोठ्याचं पाणीपण यातच सोडू काय?

खडीवाला, खानापूर:
कोथिंबिरीला नको, जंतू सगळे मरत नाहीत. केळी, नारळ, हत्तीगवताला द्या. साबणातलं मीठही खडीत अडत नाही, म्हणून काळ्या रानात एकाच वाफ्यात रोज सोडू नका, जागा बदलत राहा. गोठ्याचं शेणमूत मात्र उकिरड्याला किंवा गोबरगॅसला. खडीत गेलं तर महिन्यात गच्च होईल आणि उपसायला मलाच बोलवाल.