एलसी वाचताना बी.कॉम.चं वाचन कामाला येतं का?

सातरस्ता
टॉवेल निर्यातीच्या डॉक्युमेंटेशनला माणूस घेताना टक्के कशाला बघायचे? ज्यानं एक तरी विषय गाईडशिवाय मूळ पुस्तकातून वाचलाय, त्याच्या हातात बिनधास्त एलसी द्या. (एलसी म्हणजे ग्राहकाच्या बँकेची हमी. कागद अटींप्रमाणे असले तरच पैसे.) पद्धत तीच आहे. आधी मथळे, तारखा, आकडे यांवरून नजर फिरवायची. मग प्रश्न लिहायचे: माल कधीपर्यंत चढवायचा, नगांत की किलोत, तुकड्यातुकड्यानं पाठवलेला चालेल का. उत्तरं शोधत सावकाश वाचायचं, आणि शेवटी एलसी झाकून ती उत्तरं कोऱ्या कागदावर उतरवायची. हे शेवटचं सगळे टाळतात. समजलंय की नुसतं डोळ्याखालून गेलंय, ते तिथंच उघडं पडतं.

पॉवरलूम_सोलापूर
साफ चूक. कॉलेज शिकवतं ते गाळायला! पाचातले तीन टॉपिक केले की पास, बाकीचे ऑप्शनला. एलसीत ऑप्शनला टाकलेलंच नेमकं अंगाशी येतं. यूसीपी ६०० (एलसीची जागतिक नियमावली, २००७ पासून लागू) घ्या. कलम ३० प्रमाणे मालात ५ टक्के कमीजास्त चालतं, एवढं सगळ्यांना पाठ. पुढची अट कोण वाचतो? एलसीत माल नगांत सांगितला असेल तर ही सूट नाही. टॉवेलची ऑर्डर बहुतेक नगांतच असते. १०,००० नगांच्या एलसीवर १०,२०० चं इन्व्हॉइस लावा, बँक डिस्क्रेपन्सी (कागद आणि एलसी यांतली तफावत) काढणारच. 'अबाउट' लिहिलं असेल तर १० टक्के, पण तेही रक्कम, नग किंवा दर यांपैकी ज्याला तो शब्द जोडलाय त्याच्यापुरतंच.

सातरस्ता
अहो, हा दोष गाईडचा, वाचनाचा नाही. 'पण', 'मात्र' दिसलं की पेन्सिलनं गोल करायची सवय मूळ पुस्तकातूनच लागते.

हिशेबनीस
दोघांनीही भाषेचा मुद्दा बाजूलाच ठेवलाय. मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजी कलम डिक्शनरी घेऊन फोडतो, आणि इथं डिक्शनरीच फसवते. 'ऑन ऑर अबाउट' १५ तारीख म्हणजे 'साधारण पंधराला' नव्हे. १० ते २०, दोन्ही दिवस धरून. 'फ्रॉम' तर आणखी बेरकी. शिपमेंटच्या मुदतीत ती तारीख धरायची, पैसे देय होण्याचा दिवस मोजताना सोडायची. हे सगळं कलम ३ मध्ये, म्हणजे अर्थ लावण्याच्या कलमात आहे. कॉलेजात व्याख्या म्हणजे दोन मार्कांचा प्रश्न. इथं आधी तीच वाचायची, मग बाकीचं.

पॉवरलूम_सोलापूर
हे मान्य. पण नोकरी म्हणजे नुसतं ऑफिस नव्हे. कारखान्यात स्पेक शीट (मालाच्या मापा-वजनाचा तक्ता) वाचणं म्हणजे गुणाकार. ७० बाय १४० सेंमी, ५०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम): ०.९८ चौरस मीटर गुणिले ५००, एक नग ४९० ग्रॅम. वजनात ५ टक्के सूट असेल तर ४६६ ते ५१४ ग्रॅम चालेल. काट्यावर ४५५ भरला तर तिथंच थांबा. हे कुठल्या पेपरात शिकवतात?

सातरस्ता
गुणाकार कॅल्क्युलेटर करतो. तक्त्याखाली बारीक अक्षरात 'आफ्टर वॉश' लिहिलंय, ते कोण बघणार? ते सुटलं की लूमवर बरोबर १४० काढलेला टॉवेल धुतल्यावर आखूड भरतो, आणि अख्खा लॉट गळ्यात.

हिशेबनीस
बारीक अक्षरावरून आठवलं. कागद किती दिवसांत द्यायचे ते एलसीत लिहिलेलंच नसेल तर?

पॉवरलूम_सोलापूर
शिपमेंटपासून २१ दिवस, कलम १४.

सातरस्ता
अर्धंच वाचलंत, साहेब. २१ दिवस, पण एलसीची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच शेवटची तारीख.