शब्दचर्चा : ‘मोनोगॅमी’साठी मराठीत कुठला शब्द वापरायचा?

भिंगरी :
नववीच्या मुलांसमोर माणसाच्या उत्क्रांतीवर तासभर बोलायचंय, त्याची टिपणं काढतेय आणि तीन दिवस एकाच शब्दापाशी अडकलेय, मोनोगॅमी. शब्दकोशात एकपत्नीत्व, एकविवाह, एकपत्नीव्रत सगळं आहे, पण मी लिहिलं "गिबन एकपत्नीव्रती असतो" आणि परत वाचल्यावर ते खोटंच वाटलं. गिबन म्हणजे जोडीनं राहणारा, बिनशेपटीचा वानर, त्याचं लग्न झालेलं नाही, त्यानं व्रत घेतलेलं नाही, आणि मादीसुद्धा त्याच एका नराबरोबर राहते हे या शब्दात कुठंच येत नाही. मुलं शब्द ऐकतील तसंच समजणार, म्हणून नीट शब्द हवाय. काय वापरू?

आडवाट :
ताई, इंग्रजी शब्दही मुळात लग्नाचाच आहे, ग्रीक ‘गामोस’ म्हणजे लग्न. पण आपल्या शब्दाची गोष्ट जास्त मोठी आहे. संस्कृतात ‘एकपत्नी’ हे बाईचं विशेषण आहे, जिचा पती एकच ती एकपत्नी, मेघदूतातला यक्ष आपल्या दिवस मोजत बसलेल्या बायकोला ‘एकपत्नी’ म्हणतो. ‘सपत्नी’ पण त्याच घडणीचा, जिचा नवरा दुसरीचाही नवरा आहे ती, आणि त्या सपत्नीचीच मराठीत सवत झाली. मराठीत मात्र एकपत्नी म्हटलं की एकवचनी एकबाणी एकपत्नी राम डोळ्यापुढं येतो, म्हणजे तोच शब्द बाईकडून पुरुषाकडे गेला आणि बाईसाठी पतिव्रता हा वेगळा शब्द राहिला. दोघांना एकत्र धरणारा शब्दच नाही. आणि बघा, सवत, सवतीमत्सर, सापत्नभाव एवढं सगळं आपल्याकडे आहे, पण एका बाईचे दोन नवरे असतील तर त्यांनी एकमेकांना काय म्हणायचं त्याला रोजच्या बोलण्यात शब्द नाही. हिमालयातल्या किन्नौर, जौनसार-बावर भागात भावाभावांत एक बायको असायची, आपल्याकडे ती रीत नव्हती म्हणून शब्दही नाही. जे समाजात होतं त्यालाच शब्द मिळाले. म्हणून प्राण्यांना हे शब्द लावले की आपला समाजही त्यांच्यावर लादला जातो, मला तुमची अडचण शंभर टक्के पटते.

माळरान :
कायद्यात मात्र हे शब्द बरोबर आहेत कारण तिथं विषय लग्नाचाच असतो. मुंबई प्रांतात १९४६ ला द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला, मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा. तिथं एकविवाह म्हणा, काही बिघडत नाही. आणि महाभारतात श्वेतकेतूची गोष्ट आहे ना, पांडू कुंतीला सांगतो ती, पूर्वी स्त्रिया मोकळ्या होत्या आणि श्वेतकेतूनं मर्यादा घातली. म्हणजे ही घातलेली मर्यादा आहे, निसर्गातून आलेली नाही, असं सांगणारी गोष्ट आपल्याकडे फार आधीपासून आहे.

सांजपाखरू :
पक्ष्यांवाल्यांनी हा घोळ बराच निस्तरलाय, म्हणून लिहितो. पूर्वी म्हणायचे की पक्ष्यांच्या ९० टक्के जाती मोनोगॅमस आहेत, नर-मादी मिळून घरटं, मिळून पिल्लं. मग १९८० च्या दशकात ॲलेक जेफ्रीजचं डीएनए फिंगरप्रिंटिंग आलं, घरट्यातल्या पिल्लांचा बाप तपासता यायला लागला आणि कित्येक गाणाऱ्या पक्ष्यांत एकाच घरट्यातली काही पिल्लं शेजारच्या नराची निघाली. तेव्हापासून दोन गोष्टी वेगळ्या धरतात, जोडी करून राहणं एक आणि संबंध फक्त जोडीतच ठेवणं दुसरं. मराठीत आपण दोन्हीला ‘एकनिष्ठ’ म्हणून मोकळे होतो, गोंदियाच्या सारसांवरच्या प्रत्येक बातमीत तो शब्द असतोच. निष्ठा हा मनाचा गुण आहे, आपल्याला दिसते ती जोडी, मग जोडीच म्हणावं. कमळपक्ष्यात तर एक मादी अनेक नरांशी जमते आणि अंडी नर उबवतात, त्याला बहुपतित्व म्हणणंही तितकंच चूक. सुगरणीचं पण सांगा मुलांना, नाव बाईचं पण खोपा विणतो नर, आणि एकेक नर दोन-तीन माद्याही जमवतो.

गोठा :
ताई, तुमच्या विषयात अजून एक शब्द येणार बघा, माज, म्हणजे मादी फळायला तयार असते ते दिवस. आमच्या गाई माजावर आल्या की सगळ्या गोठ्याला कळतं, हंबरते, सोट म्हणजे चिकट स्राव टाकते, दुसऱ्या गाईवर चढते, आणि गाभण राहिली नाही तर एकवीस दिवसांनी परत तेच. म्हशीत पुष्कळदा बाहेर काहीच दिसत नाही, त्याला मुका माज म्हणतात. चिंपांझी मादीला पाठीमागं मोठी सूज येते म्हणजे लांबून कळतं. माणसात बाईचं बीज कधी सुटलं ते बाहेरून कुणालाच कळत नाही, बहुतेकदा तिलाही नाही. ‘मुका माज’ शब्द इथं बसतोय असं वाटेल पण बाईला तो लावू नका. एक तर गावात तो शब्द बायकांना शिवी म्हणून वापरतात, आणि दुसरं म्हणजे माज असला की बाकीचे दिवस संबंध नसतो, माणसाचं तसं नाही. ‘बीज सुटणं बाहेरून न दिसणं’ एवढं साधं लिहा.

माळरान :
गोठाभाऊ, हे फार बरोबर बोललात. आणि हे बीज लपलेलं का, याची दोन उलटी उत्तरं आहेत. एक, दिवस कळत नाही म्हणून नर कायम जवळ राहतो आणि त्यातून जोडी टिकते. दुसरं सारा हर्डी या संशोधक बाईचं, ती राजस्थानातल्या माउंट अबूच्या हनुमान लंगूरांवर काम करायची. नवा हुप्प्या टोळी ताब्यात घेतो तेव्हा लहान पिल्लं मारतो, धारवाडजवळ सुगियामा या जपानी संशोधकांनी हे १९६० च्या दशकातच पाहिलं होतं. हर्डीचं म्हणणं, बाप कोण हे नक्की कळलं नाही तर बरेच नर पिल्लाला सोडून देतात, म्हणजे माद्यांनी अनेकांशी संबंध ठेवणं हे पिल्लाचं संरक्षण आहे. दोन्ही सांगा, मुलांना एकच गोष्ट पक्की म्हणून देऊ नका.

भिंगरी :
सगळ्यांचे मनापासून आभार, आणि गोठाभाऊ, तो शब्द मी खरंच लिहिणार होते, वाचवलंत. माणसाचं काय हे मुलं विचारणारच म्हणून आकडे जमवलेत. गोरिलाचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट, माणसात पुरुष वजनानं साधारण १५ टक्के जास्त. वृषणांचं वजन चिंपांझीत १२० ग्रॅमच्या आसपास, माणसात ४०, आणि एवढ्या धिप्पाड गोरिलात फक्त ३०, कारण चिंपांझीत एका मादीमागं अनेक नर, म्हणून चढाओढीत शुक्राणू जास्त लागतात, आणि गोरिलात एकाच नराचा ताबा. आपण मधेच कुठंतरी. मर्डॉक या मानवशास्त्रज्ञाच्या ॲटलासमधे, म्हणजे जगभरच्या समाजांच्या चालीरीतींच्या नोंदीत, १२३१ समाजांपैकी १८६ मधेच फक्त एकविवाहाची रीत आहे, पण जिथं पुरुषाला जास्त बायका चालतात तिथंही बहुतेक पुरुषांना एकच असते. म्हणजे रीत वेगळी आणि राहणं वेगळं, इथं पण दोन शब्द लागतातच.

तर मी असं ठरवलंय. लग्नाबद्दल बोलताना एकविवाह. प्राण्यांबद्दल आणि आपल्या पूर्वजांबद्दल ‘जोडीनं राहणं’. संबंधांचं सांगायचं असेल तिथं ‘जोडीबाहेर जाणं किंवा न जाणं’. बापाची खात्री असेल तिथं ‘सगळी पिल्लं त्याच जोडीची’. चार वेगळ्या गोष्टी, चारही साध्या मराठीत. एकनिष्ठ, व्रत, पत्नी हे तिन्ही शब्द टिपणातून काढलेत. गिबनाबद्दलही बरं झालं विचारलं ते, थायलंडच्या खाओ याईमधल्या गिबनांत जोडीबाहेरचे संबंध नोंदलेले आहेत, व्रती लिहिलं असतं तर चुकलंच असतं.

आडवाट :
टिपणातल्या गिबनाच्या चित्राखाली काय लिहिलंत मग?

भिंगरी :
"हुलॉक गिबन, ईशान्य भारत. नर काळा, मादी तपकिरी. जोडीनं राहतात, पिल्लं बरोबर असतात. सकाळी दोघं मिळून गातात."