पोळीची घडी घालून कुणी ताऱ्यावर पोचत नाही

उंटावरचा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय की विज्ञानकथेतली यानं पाचव्या मितीतून (लांबी, रुंदी, उंची आणि काळ या चारांपलीकडच्या डायमेन्शनमधून) जातात म्हणून प्रकाशाला मागे टाकतात, "कारण कागद दुमडला की दोन ठिपके जवळ येतात." वर वाहवा! डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

घडीची पोळी घ्या. एका कडेला मुंगी सोडा. आता घाला घडी. मुंगीची पायपीट कमी झाली? पोळी तेवढीच आहे हो! दोन्ही पदरांना टाचणीने भोक पाडून ती भोकं जोडली, तरच वाट तुटते. करामत भोकाची, घडीची नाही. आणि आइनस्टाइन-रोझेन या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९३५च्या गणितात अवकाशातल्या अशा भोकाला पाचवी मिती लागतच नाही, नेहमीच्या चार पुरतात.

चकली: मालक, पोळी खा की! नासाचं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किमीने पळतंय. त्या वेगाने ४.२४ प्रकाशवर्षांवरचा शेजारचा तारा गाठायला पाऊण लाख वर्षं. लेखकाने नायकाला पोचवायचं कधी? आणि कालुझा नावाच्या गणितज्ञाने १९२१मध्येच पाचवी मिती मांडली होती. वाचा जरा.

उंटावरचा: वाचलंय. १९२६मध्ये क्लाइन या भौतिकशास्त्रज्ञाने ती अणूहून कितीतरी बारीक गुंडाळून ठेवली, तेही वाचलंय. त्यातून यान नेणार? आधी सुईच्या नेढ्यातून एसटी काढून दाखवा.

जुनाखोड: 'मिती' काय लावलंय? 'परिमाण' म्हणा.

चकली: परिमाण म्हणजे मॅग्निट्यूड. सदिशाला दिशा असते आणि परिमाण असतं. शाळेत झोपला होतात का?

जुनाखोड: तोंड सांभाळून. आमच्या आजोबांच्या पत्रावर 'मिती फाल्गुन वद्य ३' असायचं. मिती म्हणजे तिथी!

चकली: मग पाचवी मिती म्हणजे पंचमी. नागपंचमीला उड्डाण ठेवू.

जुनाखोड: हसा. एका दिवाळी अंकाला कथा दिली होती. या भोकाला मी लिहिलं 'वर्महोल', संपादकांनी परस्पर केलं 'कृमिविवर'. चित्रकाराने सफरचंदातून डोकावणारी अळी काढली. वर्षभर नातेवाईक विचारत होते, जंतांवर लिहिलंय का.

चकली: अहो, चित्रकार बरोबर होता! १९५७मध्ये व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञाने 'वर्महोल' नाव दिलं ते सफरचंद पोखरणाऱ्या अळीवरूनच. आणि उंटावरचे, आता बोला. सालीवर फिरणाऱ्या किड्याला आतला गर म्हणजे जादा मितीच ना?

उंटावरचा: ...बरं. रूपकात आहे जादा मिती. घ्या, पेढे वाटा. गणितात नाही ती नाहीच. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या कादंबरीसाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नने डोकं लावलं, त्यातूनच मॉरिस-थॉर्न यांचा १९८८चा लेख आला. बोगदा उघडा ठेवायचा तर ऋण (शून्याहूनही कमी) ऊर्जेचा माल भरावा लागतो, नाहीतर मिटतो. तो माल कुठल्या मितीत मिळतो, तेवढं सांगा.

जुनाखोड: परिमाणात.