स्टॅमफर्ड ब्रिज पाडायचं की अर्ल्स कोर्टला जायचं? चेल्सीवाल्यांनो, बोला

निळाशार:
मंडळी, आमच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे हेच भांडण चालू आहे, म्हणून इथे विचारतो.

चेल्सीचं, म्हणजे आपलं मैदान स्टॅमफर्ड ब्रिज जेमतेम 40,000 प्रेक्षकांचं. आर्सेनल 60,000 च्या वर, टॉटनहॅम 62,850, अगदी वेस्ट हॅमसुद्धा आपल्या पुढे. दोन वेळा चॅम्पियन्स लीग जिंकलेला क्लब लंडनमध्ये चौथ्या नंबरच्या मैदानात खेळतो, हे मला पटत नाही. 2022 मध्ये नवे मालक आले तेव्हापासून 'स्टेडियमचं बघतोय, बघतोय' ऐकतोय. पुढे काही नाही.

माझं मत अर्ल्स कोर्ट. जुनं एक्झिबिशन सेंटर पाडून झालंय, जागा मोठी आहे, मैदानापासून मैलभरसुद्धा लांब नाही. तिथे जाऊन नवंकोरं बांधावं, तोपर्यंत टीमने ब्रिजवरच खेळावं. तयार झालं की सामान उचलायचं. यात अडचण काय आहे ते मला खरंच कळत नाही. लोक नुसते 'आपलं घर, आपलं घर' म्हणून रडतायत. तुमचं मत सांगा. भावनिक भाषण नको, कारण हवं.

कोपरा_किक:
+1 अर्ल्स कोर्ट. ट्यूबच्या (मेट्रोच्या) पिकॅडिली आणि डिस्ट्रिक्ट दोन्ही लाइन तिथे येतात. शेजारीच वेस्ट ब्रॉम्प्टन, तिथे ओव्हरग्राउंड रेल्वेही आहे. ब्रिजजवळच्या फुलम ब्रॉडवे स्टेशनला एकटी डिस्ट्रिक्ट. विषय संपला.

आणि एक गंमत. आपला क्लब चेल्सी, पण मैदान फुलममध्ये, हॅमरस्मिथ अँड फुलम कौन्सिलच्या हद्दीत. अर्ल्स कोर्टची जागा दोन कौन्सिलांमध्ये विभागलेली आहे आणि त्यातलं एक आहे केन्सिंग्टन अँड चेल्सी. म्हणजे स्टँड नीट बसवला तर 120 वर्षांनी आपण नावाप्रमाणे चेल्सीत खेळू.

हिशेबी:
निळाशार, तुम्ही अर्ल्स कोर्टची जागा रिकामी पडल्यासारखं बोलताय. ती जागा लंडनच्या वाहतूक खात्याची आणि त्यांच्या भागीदार बिल्डरांची आहे, आणि त्यांच्या आराखड्यात घरं आहेत, ऑफिसं आहेत, बागा आहेत. स्टेडियम नाही. मध्य लंडनमध्ये एक एकर म्हणजे काय याचा अंदाज हवा असेल तर हे बघा: 2023 मध्ये आपल्या क्लबने मैदानाला लागून असलेली माजी सैनिकांच्या घरांची जागा घ्यायचं ठरवलं. जेमतेम सव्वा एकर. आकडा छापून आला तो 8 कोटी पौंडांच्या आसपास. आता अर्ल्स कोर्टला लागतील तेवढे एकर मोजा आणि सांगा, तिथे घरं विकणारा माणूस तुम्हाला गोलपोस्टसाठी जागा का विकेल.

दुसरं, आर्सेनलचं उदाहरण सगळे देतात. ते 2006 मध्ये हायबरीहून उठून हाकेच्या अंतरावर गेले, मान्य. पण 2005 ते 2014 त्यांच्या कपाटात एक करंडक आला नाही, कर्ज फेडत बसले. तेव्हा आपणच हसत होतो त्यांना.

रूळदुरुस्ती:
निळाशार, 'कारण हवं' म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो. मी 2006 पासून लंडनमध्ये आहे, रेल्वेच्या कामात. मैदानाबद्दल माझं मत अर्धं फॅनचं आणि अर्धं रूळवाल्याचं आहे.

आधी रूळ. स्टॅमफर्ड ब्रिजचा नकाशा उघडा. एका बाजूने डिस्ट्रिक्ट लाइन, दुसऱ्या बाजूने ओव्हरग्राउंडची लाइन, तिच्यापलीकडे ब्रॉम्प्टनचं कब्रस्तान. तिसऱ्या बाजूला फुलम रोड. सगळी जागा साधारण 12 एकर, त्यातही दोन हॉटेलं. आम्ही एकदा ओव्हरग्राउंडच्या लाइनवर रात्रीचा ब्लॉक घेतला होता. कुंपणापलीकडे लगेच ईस्ट स्टँडची पाठ. मी टॉर्च वर मारला तर उजेड वरपर्यंत पोचेना, एवढी ती भिंत अंगावर आलेली. आणि ब्लॉक म्हणजे काय, तर शेवटची गाडी गेली की वीज बंद करून घ्यायची, कागदांवर सह्या व्हायच्या, मग माणसं रुळावर. पहाटे पुन्हा सगळं आवरून, हत्यारं मोजून बाहेर. हातात खरं काम करायला अडीच-तीन तास. असल्या दोन चालू लाइनींच्या मध्ये 60,000 चं स्टेडियम बांधायचं. अशक्य नाही, पण कूर्मगतीने आणि सोन्याच्या भावात.

2017 चा आराखडा आठवतो ना? विटांच्या उंच खांबांचा, वास्तुविशारद हर्झोग अँड द म्यूरॉनचा. कौन्सिलने जानेवारीत पास केला, महापौरांनी मार्चमध्ये. त्यात रुळांवर झाकण टाकून गर्दी बाहेर काढायची सोय होती. कारण खरी अडचण खुर्च्यांची नाहीच, दारांची आहे. आज मॅच सुटली की बहुतेक सगळे त्या एका फुलम रोडवर ओतले जातात. पोलीस घोडे आडवे घालतात, स्टेशनच्या दाराशी माणसं थोडी थोडी आत सोडतात. मी आता स्टेशनकडे वळतच नाही. उलट दिशेने कब्रस्तानाच्या अंगाने चालत अर्ल्स कोर्ट गाठतो. पंचवीस मिनिटं. हरलो असू तर पस्तीस. म्हणजे निळाशार, तुमच्या त्या नव्या मैदानाला मी दर पंधरवड्याला पायी जाऊन येतोच.

तो आराखडा 2018 च्या मे महिन्यात थांबला. 'गुंतवणुकीचं वातावरण ठीक नाही' असं क्लबने जाहीर केलं. तेव्हाच्या मालकांच्या व्हिसाचं प्रकरण त्याच सुमारास अडकलेलं होतं, त्यामुळे कोणी काय समजायचं ते समजलं. 2020 मध्ये परवानगीची मुदतही संपली.

आता मुख्य गोष्ट, जी तुमच्या ग्रुपवर कोणी काढली नसेल. जमीन क्लबची नाहीच.

1970 च्या दशकात ईस्ट स्टँड बांधताना क्लब कर्जात बुडाला, स्टँड 1974 ला उघडला आणि पुढच्याच वर्षी आपण खालच्या डिव्हिजनमध्ये. 1982 मध्ये केन बेट्सनी क्लब घेतला, एक पौंडाला. पण जमीन वेगळी निघाली आणि बिल्डरांच्या हातात गेली. त्यांना तिथे फुटबॉल नको होता, फ्लॅट हवे होते. दहा वर्षं कोर्टकचेरी. शेवटी 1992 मध्ये मंदीत तो बिल्डरच बुडाला म्हणून आपण वाचलो. बोर्डात कोणी शहाणा बसला होता म्हणून नव्हे. पुन्हा असं होऊ नये म्हणून 1993 मध्ये चेल्सी पिच ओनर्स निघाली, सीपीओ. शंभर पौंडांचा एक शेअर, फॅनांनी घ्यायचा. मैदानाची मालकी तिच्याकडे, क्लब भाडेकरू, 199 वर्षांचा करार नाममात्र भाड्याने. कोणाकडे कितीही शेअर असले तरी मतं जास्तीत जास्त शंभर. आणि खरी मेख पुढे आहे: 'चेल्सी फुटबॉल क्लब' हे नावही सीपीओच्या ताब्यात. मुख्य संघ स्टॅमफर्ड ब्रिजवर खेळतो तोपर्यंतच ते वापरायचं. सीपीओची परवानगी न घेता गेलात तर नाव इथेच राहतं. म्हणजे तुमच्या झगझगीत स्टेडियमवर पाटी काय लावणार?

माझ्याकडे एक शेअर आहे. एकच. बायको म्हणाली, शंभर पौंडात एक कागद? मी म्हटलं, कागद नाही, गवत आहे. तो फ्रेम करून जिन्यात लावलाय, पाहुणे डिग्री समजतात.

2011 मध्ये क्लबने सीपीओकडून मालकी परत मागितली. 75 टक्के मतं हवी होती, 61.6 पडली. मी नाही म्हणालो होतो. क्लबचं आश्वासन होतं की 2020 च्या आत हललो तर तीन मैलांच्या आतच हलू. 2020 नंतरचं काय, यावर चकार शब्द नव्हता. आणि नवी जागा कुठली? तेही नाही. आधी जुन्या घराची किल्ली द्या, नवं घर नंतर दाखवतो. मी घरभाड्याचे व्यवहार पुष्कळ केलेत, असा माणूस दारात उभा करत नाही.

पण आज विचारलंत तर मी कदाचित हो म्हणेन. अर्ल्स कोर्टला हो. एका अटीवर: नव्या मैदानाची जमीन आधी सीपीओच्या नावावर चढली पाहिजे. आधी, पायाखोदाईच्या आधी. विटा कुठे रचता याचं मला आता पूर्वीइतकं वाटत नाही. सातबारा कोणाचा, तेवढं सांगा.

निळाशार:
नावाचं हे मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं सीपीओ म्हणजे म्हाताऱ्या फॅनांचं भजनी मंडळ. शब्द मागे.

पण मग ब्रिजच पाडून तिथे बांधायला काय हरकत, हे तुमच्या लिहिण्यात कुठे येत नाही. रूळ कठीण आहेत, कळलं. त्याशिवाय काही?

ऑफसाइड_मावशी:
मी सांगते. तीन-चार हंगाम बाहेर काढावे लागतील, ते. कुठे खेळणार? वेम्बली?

टॉटनहॅमची मंडळी तिथे जवळजवळ दोन हंगाम राहिली आणि एप्रिल 2019 मध्ये नव्या घरात गेली. त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगची फायनल खेळली, तेव्हा बाहेर राहिलं की क्लब मरतो हे खोटं. (फायनल हरले, ते वेगळं. ते टॉटनहॅम आहेत.) पण त्यांना आपल्याच जागेवर परतायचं होतं आणि सगळ्यांना बांधकाम दिसत होतं. आपल्याकडे एक आराखडा येतो, मालक बदलतो, आराखडा कपाटात. मध्येच काम थांबलं तर भाड्याच्या मैदानात किती वर्षं?

शेजारचा फुलम क्लब बघा. 2002 मध्ये क्रेव्हन कॉटेज सोडून क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानात गेले आणि ते परत येतात की नाही अशी वेळ आली होती. फॅनांनी मोहीम काढली, लावून धरली, 2004 ला परतले. आम्ही फुलमवाल्यांची चेष्टा करतो, पण तेवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आणि 'भावनिक भाषण नको' हे मला झोंबलं हं. आर्सेनल, टॉटनहॅमवाल्यांनी हवी ती भावना बाळगावी. पण आपल्या बाबतीत क्लब मैदानासाठी निघाला, मैदान क्लबसाठी नाही. 1877 पासून तिथे पळायच्या शर्यती व्हायच्या. 1904 मध्ये मेअर्स बंधूंनी ते घेतलं, फुलमला देऊ केलं, फुलम नको म्हणाले. मग रेल्वेला कोळसा टाकायला विकायचं चाललं होतं. मेअर्सच्या कुत्र्याने 'विकू नका' म्हणणाऱ्या फ्रेड पार्करचा पाय धरला, रक्त आलं, तरी तो शांत राहिला, ते बघून मेअर्सने त्याचं ऐकलं आणि क्लब काढायचं ठरवलं अशी गोष्ट सांगतात. 1905 मध्ये समोरच्या पबच्या माडीवर क्लब स्थापन झाला. इतर क्लब मैदान बदलतात तेव्हा घर बदलतात. आपण बदललं तर जन्माचं कारणच बदललं.

हिशेबी:
मावशी, कुत्र्याच्या चाव्यावर दोन-तीनशे कोटी पौंडांचा निर्णय घ्यायचा?

ऑफसाइड_मावशी:
1905 चा घेतलाच ना. बरा निघाला.

रूळदुरुस्ती:
मावशी, गोष्ट छान, पण एक सांगतो. वेस्ट हॅमचा एक सहकारी आहे माझा, रात्रपाळीतला. 2016 मध्ये ते अप्टन पार्क सोडून ऑलिम्पिकच्या स्टेडियमात गेले, भाडेकरू म्हणून. तो अजून जातो. मैदानाबद्दल विचारलं तर आधी काय म्हणाला माहितीये? 'कॉर्नर कोणी मारला ते दिसत नाही.' पळायच्या मैदानात फुटबॉल बसवलाय, गोलामागचे लोक लांबच लांब. जुन्या ठिकाणी तो थ्रो-इन घेणाऱ्याला शिव्या द्यायचा आणि तो वळून बघायचा. त्याची तक्रार अंतराची आहे, मैलांची नाही, मीटरची. म्हणून मला वाटतं जागेच्या भांडणात आपण सगळे खुर्ची ते टचलाइन (मैदानाच्या कडेची रेघ) हे अंतर विचारायला विसरतो. अर्ल्स कोर्टला मोकळी जागा आहे म्हणून ऐसपैस स्टँड बांधतील, ही भीती मला कब्रस्तानापेक्षा जास्त आहे. ब्रिज अडचणीत आहे म्हणून तर आवाज अंगावर येतो.

कोपरा_किक:
म्हणजे अडचण हेच वैशिष्ट्य. आपल्या सगळ्या प्रशिक्षकांनाही हेच सांगून नेमतात.

निळाशार:
हा हा. बरं, माझं मत अजून अर्ल्स कोर्टच आहे, ते बदललेलं नाही. पण मतदान आलं तर दोन प्रश्न आधी विचारणार: जमीन कोणाच्या नावावर आणि पहिली रांग टचलाइनपासून किती मीटरवर. ग्रुपवर आत्ताच टाकलं. पहिलं उत्तर आलं, 'भाऊ तुझ्याकडे शेअर आहे का?'

नाही. रूळदुरुस्ती, तुमच्या जिन्यातल्या त्या फ्रेमचा फोटो टाकाल का, नंबर झाकून?

रूळदुरुस्ती:
टाकतो. शनिवारची रात्रपाळी झाली की. बायकोने तिथे सध्या कॅलेंडर लटकवलंय.